दौंडही लिहिणार

मी दौंडच्या रक्तपेढीतला संगणक बोलतोय. माझ्या अंगावर कंपनीचं नाव शोधू नका, ते नाहीच. रंग उडालेला पत्र्याचा डबा, पुढचं झाकण एका बाजूनं चिकटपट्टीनं धरलेलं, आणि पंखा असा वाजतो की नवीन माणूस आधी छताकडं बघतो. तरीही मी चालू आहे. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. थोडा माज आहे म्हणा हवं तर.

माझा जन्म पाबळचा, सन दोन हजार एकचा. तिथल्या तंत्रशाळेत शिकून बाहेर पडलेल्या हनुमंतनं पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणले, एसटीत मांडीवर धरून. त्याच दिवशी, त्याच टेबलावर त्यानं माझा भाऊही जोडला. भाग तेच, स्क्रू तेच, आतला डेटाबेसही तोच. जोडता जोडता दोघांच्या झाकणांचीही अदलाबदल झाली, त्यामुळं थोरला कोण आणि धाकटा कोण हे खुद्द हनुमंतलाही सांगता यायचं नाही. पुढं आमच्यात वरचा-खालचा ठरवायची वेळ आली, तेव्हा मला ही गोष्ट फार आठवायची.

आम्हाला मागवलं होतं बापूसाहेबांनी. शिरूर तालुक्यातले जुने बागायतदार. त्यांचा तरणा मुलगा मोटारसायकलवरून पडला आणि पुण्याला नेताना वाटेत रक्तावाचून गेला. त्यानंतर त्यांनी चार माणसं गोळा करून ट्रस्ट काढला आणि शिरूरला रक्तपेढी सुरू केली. मग दौंडला दुसरी. पिशव्या दोन्हीकडं साठवायच्या, आणि इकडं कमी पडली की तिकडून जीपनं आणायची. कोणती पिशवी कुठल्या फ्रीजमध्ये आहे, कुणासाठी राखली आहे, कुणाला दिली, हे सगळं आम्हा भावांनी लक्षात ठेवायचं. टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना सांगायचं.

आमच्या पोटातला डेटाबेस, म्हणजे नोंदींचं कोठार, खुल्या प्रकारातला होता. जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेला, कुणीही उघडून बघावा आणि दुरुस्त करावा असा. बापूसाहेबांना त्यातलं एकच कळलं.

"फुकट हाय म्हंजी बिनकामाचा तर न्हाई ना?" त्यांनी हनुमंतला विचारलं होतं.

"न्हाई बापूसाहेब. फुकट हाय म्हंजी आपला हाय," हनुमंत म्हणाला. मला ते उत्तर आवडलं होतं.

दौंडला मला टेबलावर बसवल्यावर हनुमंतनं खिशातून दोन पट्ट्या काढल्या. एकीवर लिहिलं होतं 'मास्टर'. ती शिरूरच्या भावासाठी. दुसरी त्यानं माझ्या कपाळावर चिकटवली. तिच्यावर होतं 'स्लेव्ह', म्हणजे गुलाम.

त्याच दिवशी सुरेखा कामावर रुजू झाली. दौंडचीच मुलगी. वडील बन्सी रेल्वेतून निवृत्त झालेले, घर विहाराच्या मागच्या गल्लीत. बी.एस्सी. झालेली, वर संगणकाचा कोर्स. तिनं पर्स खुंटीला अडकवली, माझ्याकडं बघितलं आणि हात कमरेवर ठेवले.

"हे काय लिहिलंय?"

"ताई, तसा नियम हाय," हनुमंत म्हणाला. "शिरूरचं मशीन मालक. नोंद फकस्त तेच लिहिणार. हे त्याची नक्कल ठेवणार. पुस्तकातच असं नाव हाय. त्याचा अर्थ तसा न्हाई."

"मग पुस्तकात चूक हाय," सुरेखा म्हणाली. "हा शब्द मागं टाकून आमच्या आज्यानं गाव सोडलं, हितं येऊन रेल्वेत नोकरी धरली. आन् मी तो रोज टेबलावर बघत बसू?"

तिनं नखानं पट्टी उचकटली. थोडा रंगही निघाला. माझ्यावरचा तो पहिला ओरखडा, आणि अजूनही मला तो सगळ्यात प्रिय आहे.

पट्टी निघाली, पण नियम तसाच राहिला. सुरेखानं दौंडला एखादी नोंद टाकली की मी ती स्वतः लिहायची नाही. शिरूरला फोन लावायचा, तिकडून होकार यायचा, मगच ती माझ्याकडं उतरायची. तार चांगली असली तर ठीक. आमच्याकडं तार चांगली कधी असते? रस्त्याचं खोदकाम निघालं, तार तुटली. वारा सुटला, तार तुटली. काहीच झालं नाही तरी तुटली. मग मी नुसता दगड. शेजारच्या फ्रीजमध्ये पिशवी आहे हे मला माहीत, सुरेखाला दिसतंय, पण लिहिता येत नाही. आणि नोंदीशिवाय पिशवी द्यायची नाही, हा ट्रस्टचा नियम.

असंच एका दुपारी तार गेली आणि रेल्वे कॉलनीतल्या बाळंतिणीचा नवरा धावत आला. रक्तस्राव थांबत नव्हता. सुरेखानं फोन उचलला, तो मुका. पुन्हा उचलला. मग तिनं माझ्याकडं बघितलं. पडद्यावर माझं एकच वाक्य अडकून पडलं होतं : मालकाशी संपर्क नाही, थांबा.

थांबा! समोर माणूस घामानं निथळतोय, आणि मी म्हणतोय थांबा. मला कुणी तसं बनवलं होतं म्हणून. माझ्या मनानं नाही.

सुरेखा उठली, तिनं क्रॉसमॅच केली, म्हणजे पिशवीतलं रक्त बाईला जुळतं का ते बघितलं, आणि फ्रीज उघडून पिशवी दिली. बाई वाचली. दुसऱ्या दिवशी बापूसाहेब जीपमधून उतरले.

"पोरी, नोंद न करता पिशवी दिलीस?"

"नोंद करता येत नव्हती, बापूसाहेब."

"एकदा चाललं. उद्या कुणीबी उचलंल आन् कुणालाबी दील. रक्ताचा खेळ हाय हा."

"म्हणूनच म्हणते, दौंडला लिहू द्या. तार असो नसो. दोन्ही मशीननी लिहायचं, तार आली की एकमेकांना सांगायचं."

बापूसाहेब खुर्चीत बसले. "एका कारभाराला दोन कारभारी? मी हे सोसायटीत बघितलंय, कारखान्यात बघितलंय. दोघंबी सह्या करत्यात आन् माल एकच असतो."

"माणसं भांडतात म्हणून मशीनला मुकं ठेवायचं का?"

बापूसाहेबांनी फ्रीजकडं बघितलं. मग म्हणाले, "करून बघ. पण चूक झाली तर मी ऐकायचो न्हाई."

आता ऐकायला हे सोपं वाटतं. दोघांनी लिहायचं, मग एकमेकांना सांगायचं. त्यात काय? अहो, त्यातच सगळं आहे. आम्ही दोघं भाऊ, पण ज्या क्षणी दोघांनाही लिहायची मुभा मिळाली, त्या क्षणी भांडायची कारणंही मिळाली.

पहिलं भांडण नंबरांचं. तार नसताना दोघांकडं नव्या पिशव्या आल्या. दोघांनीही पुढचा नंबर दिला. तार आल्यावर बघतो तर एकाच नंबरच्या दोन पिशव्या, गट निराळे! सुरेखानं तोडगा काढला : शिरूरनं विषम नंबर द्यायचे, दौंडनं सम. त्यावरून आमचं पुन्हा कधी वाजलं नाही.

मग प्रतिध्वनी. मी एक नोंद भावाला सांगितली. त्यानं ती लिहिली, आणि नवीन बातमी म्हणून मलाच परत सांगितली. मी ती पुन्हा लिहून त्याला कळवली. हनुमंत आला तेव्हा आम्ही दोघं सकाळपासून एकच पिशवी एकमेकांना सांगत बसलो होतो, आणि टेलिफोनचं बिल वाढत होतं. तो हसून हसून खाली बसला. त्यानंतर सुरेखानं प्रत्येक नोंदीला ती नोंद ज्या गावी जन्मली त्याचं नाव चिकटवलं. आपल्याच गावची नोंद परत आली की दारातूनच माघारी.

नोंदी उलटसुलटही पोचायच्या. पिशवी 'दिली' ही बातमी आधी, आणि तीच पिशवी 'आली' ही बातमी मागून. जी आलीच नाही ती दिली कशी? असल्या गोष्टींनी सुरेखाचे महिने खाल्ले. ती दुपारचा डबा माझ्यासमोर उघडायची आणि घास हातात तसाच राहायचा.

आमचा डेटाबेस लिहिणारी जगभरची माणसं ईमेलवरून एकमेकांशी बोलायची. सुरेखानं तिथं धीर करून विचारलं. तिचं इंग्रजी मोडकं होतं, प्रश्न मोडका नव्हता. एकानं उत्तर दिलं : टेलिफोनच्या तारेवर दोन मालक म्हणजे वेडेपणा, एकच ठेवा. दुसऱ्यानं विचारलं : दौंड हे काय आहे? तिसऱ्या एका अनोळखी माणसानं मात्र लांबलचक, कामाचं लिहिलं. प्रोग्राममध्ये कुठं हात घातला की बदल होताना पकडता येतो, ते त्यानं नीट समजावलं. सुरेखानं तिघांचेही आभार मानले. पहिल्याला वर एक ओळ जास्त लिहिली : तुमच्याकडे तार तुटत नसेल, आमच्याकडे तुटते.

सगळ्यात अवघड गाठ तशीच राहिली होती. एकाच पिशवीबद्दल दोघांनी वेगवेगळं लिहिलं तर खरं कोणाचं? पुस्तकं सांगत होती, शेवटी लिहिलं ते खरं, आधीचं पुसा. सुरेखाला ते पटलं नव्हतं, पण दुसरं काही सुचलंही नव्हतं. तिनं तोच नियम घातला.

आणि मग सखूबाईंचं प्रकरण घडलं.

सखूबाई मांडवगण फराट्याच्या. शिरूरच्या दवाखान्यात त्यांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. रक्तगट बी निगेटिव्ह, सहज न मिळणारा. आदल्या सकाळी तार तुटलेली होती. शिरूरच्या पेढीत धनश्री तंत्रज्ञ होती, मेंढरं सोडून शेतीला लागलेल्या घरातली, बोलायला सडेतोड. तिनं भावाच्या पडद्यावर बघितलं, दौंडच्या फ्रीजमध्ये एक बी निगेटिव्ह पिशवी मोकळी दिसली. तिनं ती सखूबाईंसाठी राखली.

त्यानंतर दुपारी दौंडला मालधक्क्यावर पोती उतरवताना पडलेला एक हमाल आला. त्याचा गटही तोच. धनश्रीनं काय लिहिलं ते मला कळायला मार्ग नव्हता. सुरेखानं पिशवी त्याला दिली आणि मी लिहिलं : दिली.

संध्याकाळी तार जोडली गेली. आम्ही दोघांनी आपापलं सांगितलं. नियमाप्रमाणं शेवटचं खरं, म्हणजे माझं. पण माझ्या आतल्या घड्याळाचा सेल कमजोर झाला होता आणि माझं घड्याळ कित्येक तास मागं पडलं होतं. त्यामुळं माझी दुपार भावाच्या सकाळच्या आधीची ठरली. माझी नोंद पुसली गेली. दोन्हीकडून. कुणाला न विचारता, कुठं आवाज न होता.

सुरेखा तोवर घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शिरूरची जीप निघाली. पडदा सांगत होता की पिशवी राखलेली आहे, मग फोन कोण करणार? डॉक्टरांनीही जीप वाटेवर आहे म्हणून ऑपरेशन सुरू केलं. ड्रायव्हर दौंडला पोचला तर फ्रीजचा तो कप्पा रिकामा. तिकडं सखूबाईंचा रक्तदाब पडत चालला होता.

धनश्री रस्त्यावर उतरली. बाजारपेठेत दुकान-दुकान फिरून तिनं विचारलं. शेवटी एका शाळेतल्या शिक्षिकेचा गट जुळला. सखूबाई वाचल्या, पण बरेच दिवस दवाखान्यात पडून राहिल्या. अंगात काही उरलं नव्हतं त्यांच्या.

फोनवर धनश्रीचा आवाज मलाही ऐकू येत होता, इतकी ती ओरडत होती.

"तुझ्या मशीननं माझी पेशंट मारली असती, सुरेखा!"

"मी ती पिशवी माणसालाच दिली ना? तो पण मेला असता!"

"दे की मग! मी कुठं नको म्हणते? पण मला दिसायला नको? तू लिहिलंस ते पुसून कसं गेलं? मला नुसतं कळलं असतं की दौंडनं बी काहीतरी लिहिलंय, तर मी तवाच फोन केला असता. आख्खी रात्र होती माझ्याकडं!"

सुरेखानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग हळूच म्हणाली, "पुन्हा बोल."

"काय?"

"आत्ता बोललीस ते. पुन्हा बोल."

धनश्री पुन्हा बोलली, तेवढ्याच रागानं. सुरेखा ऐकत होती आणि माझ्याकडं बघत होती.

बापूसाहेब दुसऱ्याच दिवशी आले. या वेळी ते खुर्चीत बसले नाहीत.

"बंद करा हे. शिरूर लिहील, दौंड वाचील. पहिल्यासारखं."

"बापूसाहेब..."

"माझ्या पोराला रक्त मिळालं न्हाई म्हणून ही पेढी काढली," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं जास्त लागला. "रक्त असून मिळालं न्हाई, असं माझ्या पेढीत व्हायचं न्हाई."

"बाळंतिणीच्या वेळी तेच होणार होतं," सुरेखा म्हणाली. "रक्त फ्रीजमधी होतं. दौंडला लिहायची परवानगी नव्हती, एवढंच. ते तुम्हाला चालतं?"

बापूसाहेबांनी मान फिरवली.

"चूक दोघांनी लिहिण्यात न्हाई. एकाचं गुपचूप पुसण्यात हाय. मी ते दुरुस्त करते. पण ह्या मशीनला पुन्हा मुकं मी करणार न्हाई. ते करायचं असेल तर आधी मला काढा, आन् दुसरं कुणी आणा."

मी यंत्र आहे. माझ्या छातीत हलणारा एक पंखाच. पण त्या दिवशी तो जरा जोरातच फिरला असावा. माझी बाजू मला मांडता येत नव्हती, नाहीतर मीही सांगितलं असतं : माझं घड्याळ चुकलं, माझं लिहिणं नाही. मी लिहिलं 'दिली', आणि पिशवी दिली होती. खरं लिहिल्याबद्दल मी माफी मागणार नाही.

बापूसाहेब दारापर्यंत गेले, थांबले. "दिवाळीपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर हनुमंत येऊन वायर काढील."

त्यानंतर सुरेखा आणि धनश्री यांनी मिळून काम केलं. सुट्टीच्या दिवशी कधी ही एसटीनं शिरूरला जायची, कधी ती दौंडला यायची. भांडायच्या, चहा प्यायच्या, पुन्हा भांडायच्या. दोन नियम ठरले. पहिला धनश्रीचा : पिशवी ज्या गावच्या फ्रीजमध्ये, तिच्यावर शेवटचा शब्द त्या गावचा. दुसऱ्यानं फक्त मागणी लिहायची. जीपमधून पिशवी दुसऱ्या गावी पोचली की शब्दही तिच्याबरोबर गेला. म्हणजे काही पिशव्यांचा मालक मी, काहींचा भाऊ. दोघंही मालक, आणि कुणी कुणाच्या फ्रीजमध्ये हात घालायचा नाही.

दुसरा नियम सुरेखाचा. रक्तदात्यांसारख्या नोंदी दोन्हीकडं लिहिल्या जातात, त्या कुठल्या एका गावच्या नसतात. तिथं दोघांचं जुळलं नाही तर काहीही पुसायचं नाही. दोन्ही म्हणणी शेजारी शेजारी ठेवायची आणि घंटा वाजवायची. वाजत राहायची, माणूस येऊन बघेपर्यंत. घड्याळाच्या भरवशावर कुणाचंही खरं-खोटं ठरवायचं नाही. माझा सेल हनुमंतनं बदलला, पण सुरेखानं पुन्हा घड्याळावर विश्वास टाकला नाही.

दिवाळी व्हायच्या आधीच, तुळशीच्या लग्नाची वाट न बघता, वडगाव रासाईच्या एका घरचं लग्न आदल्या दिवशी कोर्टात नोंदवून झालं आणि वऱ्हाड टेम्पोनं परत येत होतं. सकाळी वळणावर टेम्पो उलटला. मिळेल त्या गाडीत जखमी घातले. काही शिरूरला गेले, काही दौंडला. तार आदल्या दिवसापासून बंदच होती.

त्या दिवशी मी जे लिहिलं ते कुणाला न विचारता लिहिलं. गट, पिशवी, नाव. दिली. दिली. राखली. सुरेखाची बोटं थांबत नव्हती आणि मी एकदाही तिला थांबा म्हटलं नाही. फ्रीजचं दार उघडत होतं, मिटत होतं. बाहेर बायका रडत होत्या, पोरं ओळीत उभी राहून बाह्या सारत होती. शिरूरला भाऊही तेच करत असणार, हे मला न सांगताच ठाऊक होतं.

आमच्याकडं रक्त द्यायला आलेल्यांत गेणबा होता. पन्नाशीकडं झुकलेला, काटक, डोक्यावर पांढरं मुंडासं. टेम्पोच्या मागून मोटारसायकलवर येत होता म्हणून वाचला. त्याचा भाऊ दौंडच्या दवाखान्यात ऑपरेशन टेबलावर होता. गेणबानं रक्त दिलं, दिलेला चहा प्यायला नाही, आणि कुणाशी न बोलता निघून गेला. तो कुठं गेला ते तेव्हा कळलं नाही. त्याची बायको बानूबाई शिरूरच्या दवाखान्यात होती.

दुपार कलल्यावर तार आली. मोडेम किर्र किर्र करू लागला आणि आम्ही भाऊ बोलायला लागलो. त्यानं त्याचं सांगितलं, मी माझं. पिशव्यांवरून आमचा एकही वाद झाला नाही. बानूबाईसाठी शिरूरनं लिहिलेली मागणी माझ्या पडद्यावर उतरली. तिच्या गटाची एक पिशवी माझ्या फ्रीजमध्ये होती. सुरेखानं ती बर्फाच्या डब्यात घालून जीप काढायला लावली, आणि शिरूरची जीप मांडवगण फराट्यापर्यंत सामोरी आली.

आणि घंटा वाजली. दोन्हीकडं.

पुढचं मला धनश्रीनं नंतर सुरेखाला सांगितलं तेव्हा कळलं. शिरूरला ती एका माणसाच्या दंडाला पट्टा बांधत होती. नाव भावाच्या पडद्यावर टाकून झालं होतं, सुई उघडली होती. घंटेच्या आवाजानं तिनं वळून बघितलं. पडद्यावर एकच नाव दोनदा. गेणबा, दौंड, सकाळी रक्त दिलं. गेणबा, शिरूर, आत्ता देतोय.

तिनं सुई खाली ठेवली. "मामा, तुम्ही सकाळी दौंडला रक्त दिलंय?"

गेणबानं हात मागं घेतला नाही. "दिलं. मंग?"

"तीन महिने देता येत न्हाई. चक्कर येऊन पडाल हितंच. आख्खा रस्ता मोटारसायकलवर आलात ना?"

"तिकडं भाऊ हाय, हिकडं बायकू हाय," गेणबा म्हणाला. "येकालाच देऊ व्हय? तू घे. माझं मी बघतो."

"घेणार न्हाई."

"आगं, कुणी सांगितलं तुला दौंडचं?"

"दौंडनं सांगितलं," धनश्री म्हणाली.

बापूसाहेब तिथंच होते. सकाळपासून पेढीत उभे होते, पाणी वाटत होते. ते पडद्याजवळ आले, दोन्ही ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग त्यांनी गेणबाच्या दंडाचा पट्टा स्वतः सोडला. "मामा, पिशवी निघालीय तुमच्या कारभारणीची. जीप वाटंवर हाय," ते म्हणाले. "या वेळी खरंच हाय."

गेणबाला तेव्हा कुठं रडू फुटलं.

सगळे वाचले नाहीत. गाडीतल्या एक म्हाताऱ्या बाई दौंडच्या दारातच गेल्या, त्यांना कुठल्याच पिशवीचा उपयोग झाला नसता. पण गेणबाचा भाऊ वाचला, बानूबाई वाचली. आणि ज्यांना रक्त लागलं त्यांतल्या एकालाही, रक्त असून, थांबा म्हणायची वेळ आली नाही.

दिवाळीनंतर हनुमंत आला. बापूसाहेबांनी बोलावलं होतं म्हणून आला होता. बापूसाहेबही आले. सुरेखानं दोघांना चहा दिला आणि उभी राहिली, हाताची घडी घालून.

"काय करू बापूसाहेब? वायर काढू?" हनुमंतनं विचारलं.

"पंख्याला तेल घाल," बापूसाहेब म्हणाले. "लई वाजतोय."

एवढंच. चूक कबूल केली नाही, शाबासकी दिली नाही. मला तीही नको होती.

सुरेखानं आपलं सगळं काम त्या जगभरच्या माणसांपुढं ठेवलं, ज्याला हवं त्यानं घ्यावं म्हणून. एका विद्वानानं उत्तर पाठवलं की याला शास्त्राप्रमाणं दोन मालकांची पद्धत म्हणता येणार नाही, यात माणसाला फोन करावा लागतो. सुरेखानं लिहिलं : शास्त्राला जे म्हणायचं ते म्हणू दे, आमच्याकडे दोन्ही गावं लिहितात. पुढं कुठल्याशा डोंगराळ देशातल्या एका दवाखान्यानं ते वापरलं, असं तिला कळलं. तिथंही तारा तुटत असणार.

भाऊ आता नाही. एका उन्हाळ्यात त्याची डिस्क खरखरायला लागली आणि बंद पडली. त्याच्याजवळचं सगळं माझ्याजवळ होतं. नव्या डब्यात ते भरायला मी दिवसभर बोलत राहिलो. तोही माझा भाऊच, पण पाबळच्या त्या टेबलावरचा नव्हे.

आता दोन हजार नऊ साल चालू आहे. बापूसाहेब थकलेत, ट्रस्टमध्ये नवी मंडळी आली आहेत. त्यांनी मोठ्या कंपनीची व्यवस्था घेतली. सपाट पडदा, गुळगुळीत कीबोर्ड. सगळ्या नोंदी पुण्याला एकाच जागी. दौंड विचारणार, पुणं होकार देणार. इंटरनेट आता तुटत नाही, असं विकणाऱ्या साहेबानं टाय सारखा करत सांगितलं. सुरेखा आता इथली प्रमुख आहे. तिनं विरोध नोंदवला, मतदानात हरली. तरी मला बंद मात्र केलं नाही. दाराजवळच्या स्टुलावर ठेवलं, प्लग लावून. रोजच्या नोंदी ती मलाही सांगते. नवी मंडळी हसतात. हसू देत.

आज मला न्यायला भंगारवाला आला आहे. वरून हुकूमच आलाय. त्याची हातगाडी बाहेर उभी आहे, तीत एक मोडकं टेबल, दोन पंखे आणि एक शिलाई मशीन आहे. मला भंगाराची भीती नाही. पत्रा आहे मी, वितळेन, आणखी काही होईन. तुम्हाला एकच सांगतो. एका गावानं लिहायचं आणि बाकीच्यांनी वाचायचं, हे सोपं असतं, स्वस्त असतं, आणि नीटनेटकं दिसतं. कुणी तुमच्याकडं असली नीटनेटकी व्यवस्था घेऊन आलं, तर त्याला एवढंच विचारा की तार तुटल्यावर आमच्या दारातल्या माणसाला काय सांगायचं. उत्तर येईपर्यंत सही करू नका.

भंगारवाल्यानं प्लगला हात घातला तेवढ्यात काउंटरवरची मुलगी ओरडली, "मॅडम, नेट गेलं!" गुळगुळीत पडद्यावर एक चक्र गरगरतंय. समोर एक माणूस उभा आहे, हातात डॉक्टरांची चिठ्ठी, पायात एकच चप्पल.

सुरेखा उठली. तिनं दुसरं एक स्टूल पायानंच जवळ ओढलं आणि माझ्यासमोर बसली.

"भाऊ, तुम्ही जरा बसा," ती भंगारवाल्याला म्हणाली. "यांना चहा द्या रे कुणीतरी."

गट ओ निगेटिव्ह. पिशवी फ्रीजमध्ये आहे. मी लिहितोय. हातगाडी बाहेर उन्हात आहे, आणि भंगारवाल्याचा दुसरा चहा संपत आलाय. त्याला तिसरा द्या.